सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट, नऊ महिने खेळल्यावर: कुत्रा, कुंडी आणि सतत उडणारा मी

दिवाळीत घेतलेला गेम, आता श्रावण लागला, म्हणजे नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या आणि महिन्याभराने लिहिलं असतं तर नुसती आरती ओवाळली असती, म्हणून थांबलो. आता दोन्ही होऊन गेलंय.

घेतला भाच्यासाठी. तो दहा वर्षांचा, पुण्याला असतो, सुट्टीत आमच्याकडे डोंबिवलीला येतो आणि त्याच्या मित्राकडे हा गेम आहे म्हणून दिवाळीआधीच्या मे महिन्यापासून डोकं खाल्लं होतं. हा गेम ज्यावर चालतो तो निन्टेंडोचा स्विच कन्सोल आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंपोर्टेडच मिळतो, गेमची कार्डं पण तशीच, मला साडेचार हजारला पडलं. गेम २०१८ च्या डिसेंबरचा, एवढा जुना, तरी किंमत खाली यायचं नाव नाही.

माझी पहिली प्रतिक्रिया अशी की हा काय बालवाडीचा राडा आहे. मारिओ, पिकाचू, सोनिक, पॅकमॅन, सगळे एका चौथऱ्यावर एकमेकांना बदडतायत आणि स्क्रीनवर इतके फटाके फुटतायत की आपण कुठे आहोत तेच कळत नाही. पहिल्या दिवशी मी दहा मिनिटं पिकाचू समजून भलत्याच कोणाकडे बघत होतो, माझा पिकाचू कधीच खाली पडून गेलेला.

पण एक गोष्ट समजली की सगळं बदलतं. यात नेहमीच्या फायटिंग गेमसारखी जीवाची पट्टी नसते. प्रत्येकाखाली एक आकडा असतो, शून्य टक्क्यापासून सुरू, मार खाल तसा वाढत जातो, आणि आकडा जेवढा मोठा तेवढे तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता. मरायचं म्हणजे स्क्रीनच्या बाहेर उडून जायचं किंवा खाली पडायचं. म्हणजे दीडशे टक्के झालेला माणूस पण कडेला लोंबकळून, कंट्रोलरची काठी वर करून बी बटण दाबून परत वर येऊ शकतो आणि वीस टक्केवाल्याला खड्ड्यात घालू शकतो. त्यामुळे शेवटच्या सेकंदापर्यंत कोणी हरलेलं नसतं, आणि घरात चार जण वेगवेगळ्या वकुबाचे असताना ही गोष्ट सोन्यासारखी आहे. बाकीच्या फायटिंग गेममध्ये नवखा माणूस कोपऱ्यात मार खात बसतो, इथे निदान उडतो तरी.

आता कुत्र्याचं सांगतो. भाऊबीजेला दादा आला होता. दादा म्हणजे आमच्या घरातला मूळ गेमर, नव्वदच्या दशकात आमच्याकडे तो टीव्ही गेम होता, कार्टरिजवर हजारो गेम लिहिलेले आणि आत खरे पंधरा-वीसच. मारिओ, काँट्रा, बर्फ फोडत वर चढणारी ती दोन पोरं, आणि बंदुकीने बदकं मारायचा गेम. दादा बंदूक थेट टीव्हीच्या काचेला टेकवून मारायचा. दोन कंट्रोलर होते, पण धाकटी बहीण फार रडली की दादा तिच्या हातात दुसरा कंट्रोलर द्यायचा आणि त्याची वायर टीव्हीमागे नुसतीच खोचून ठेवायचा. दोन वर्षं तिला वाटत होतं की आपण खेळतोय.

तर हा दादा सोफ्यावर बसून चिवडा खात, कपाळाला आठ्या घालून बघत होता, भाचा पात्रं निवडायच्या पडद्यावर सरकत होता आणि एकदम दादा ओरडला, ‘अरे थांब थांब, हा तोच हलकट कुत्रा!’ तोच. बदक हुकलं की गवतातून डोकं वर काढून हसणारा. डक हंट या नावाने तो कुत्रा आणि बदक जोडीने यात फायटर आहेत. हात धुवायला पण न जाता दादाने कंट्रोलर घेतला. त्या कुत्र्याचे मोठे फटके असे आहेत की तो स्वतः मारतच नाही, स्क्रीनच्या बाहेरून गोळ्या येतात, कुत्रा त्या चुकवत नाचतो आणि समोरच्याला लागतात. दादा म्हणाला, ‘पण बंदूक कोण चालवतंय?’ भाचा म्हणाला, ‘मामा, तूच ना.’ दादा दोन सेकंद गप्प झाला राव. असं काहीतरी सुचणारा माणूस गेम बनवायला बसलाय हे तेव्हा मला कळलं. मासाहिरो साकुराई त्याचं नाव, पहिल्या स्मॅशपासून, म्हणजे १९९९ पासून, तोच या मालिकेच्या मागे आहे.

त्या बर्फवाल्या पोरांना पण यात घेतलंय, आइस क्लाइंबर्स, दोघं एकत्र चालतात. २०१४ च्या भागात ते नव्हते, इथे आधीच्या सगळ्या भागांतला एकूण एक फायटर परत आणलाय. डीएलसी, म्हणजे नंतर वेगळे पैसे देऊन घ्यायचे फायटर, धरून ऐंशीच्या वर जातात. पण सुरुवातीला फक्त आठ मिळतात, १९९९ च्या पहिल्या गेममधल्या बारापैकी आठ, आणि बाकीचे खेळता खेळता दर थोड्या वेळाने आव्हान द्यायला येतात, हरवलंत तर तुमचे. हे ऐकायला छान वाटतं पण घरी पाहुणे आलेत, प्रत्येकाला आपापला हिरो पाहिजे आणि तुमच्याकडे आठच चेहरे, फार चिडचिड होते. आम्ही लक्ष्मीपूजनाच्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून कुलपं उघडत बसलो होतो. बायको म्हणाली, लक्ष्मी आली असेल तर हे बघून परत गेली असेल. हरलात तर तो फायटर कायमचा जात नाही, मेनूत एक दार उघडतं तिथून परत लढता येतं, हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं, तोवर भाच्याची रडारड होऊन गेलेली.

दादाचा दुसरा झटका टेरी. डीएलसीवाला आहे, पैसे देऊन घ्यावा लागतो, पण पार्लरात रुपयाचं कॉइन टाकून किंग ऑफ फायटर्स खेळलेल्या माणसाला हे सांगायची गरज नाही की टेरी कोण. जमिनीतून आगीसारखं उसळणारं ते पॉवर गीझर, आम्हाला तेव्हा गीझर म्हणजे बाथरूममधलाच माहीत, त्यामुळे आम्ही त्याला गरम पाण्याचा फटका म्हणायचो. इथे टेरीचा आकडा शंभरच्या वर गेला की ते फटके मिळतात, म्हणजे भरपूर मार खाल्ल्यावरच. आणि करायचे असतील तर तीच जुनी काठी फिरवायची कसरत. दादाच्या अंगठ्याला ती पंचवीस वर्षांनी पण आठवत होती, मला अजून जमत नाही.

डीएलसीचं गणित कडू आहे. दोन फायटर्स पास, पहिला पंचवीस डॉलरला, दुसरा तीसला, म्हणजे दोन्ही मिळून गेमच्या साठ डॉलरच्या जवळपास. मी दुसरा घेतलाच नाही. पहिल्यात टेरी, जोकर, हीरो, बँजो आणि बायलेथ येतात, त्यातल्या टेरीसाठी पैसे दिले असं समजतो. समाधान एवढंच की आता काही नवीन यायचं नाही, शेवटचा सोरा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि नंतर दुकान बंद. सीझन नाही, रोज लॉगिन करा नाहीतर बक्षीस जाईल असली कटकट नाही. कपाटात ठेवा, गणपतीत काढा, तसाच्या तसा आहे.

पासच्या बाहेर वेगळं विकत मिळणारं एक पात्र आहे, मारिओच्या पाइपमधून तोंड वर काढणारं ते दातवालं झाड, पिरान्हा प्लँट. इथे ते चक्क कुंडीत बसून चालतं. माझ्या बायकोने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता, बाल्कनीत तिच्या बावीस कुंड्या आहेत, आणि तिने हे झाड बघितलं आणि म्हणाली हे पाहिजे. मी म्हटलं अगं ते दुबळं आहे. नऊ महिन्यांनी सांगतो, दुबळा मी आहे. ती करते काय, काठी बाजूला करून बी दाबून धरते, झाडाच्या तोंडात जांभळा विषारी धूर साठवते, आम्ही तिघं मध्ये एकमेकांच्या उरावर बसलेलो असताना तो आमच्यावर सोडते आणि स्वतः बाजूला जाऊन उभी राहते. आमचे आकडे रिक्षाच्या मीटरसारखे पळतात. मग सावकाश येऊन एकेकाला टिचकी मारल्यासारखी बाहेर घालवते. तिच्याशी कोणी युती करत नाही आता.

भाचा कर्बी घेतो. गुलाबी गोळा, हवेत पाच उड्या, त्यामुळे खाली पडतच नाही, आणि समोरच्याला गिळतो. त्याचा आवडता प्रकार म्हणजे मला गिळायचं आणि कडेवरून सरळ खाली उडी मारायची. दोघंही गेलो तरी चालेल पण मामा गेला पाहिजे.

इथे एक कामाची टीप. पोरांना देण्याआधी सेटिंगमध्ये प्रत्येकाच्या नावाचा कंट्रोल वेगळा करा आणि काठी वर केली की उडी मारायचा पर्याय बंद करा. तो मुळात चालू असतो आणि वर मारायला जावं तर पात्र उडी मारतं, मी दोन महिने स्वतःला नालायक समजत होतो ते यामुळे. दुसरं म्हणजे टीव्हीचा गेम मोड लावा. आमचा टीव्ही चित्र सुंदर करायच्या नादात बटण दाबल्यावर अंमळ उशिरा दाखवत होता आणि मी खापर वयावर फोडत होतो. तिसरं, स्विचबरोबर येणारे ते चिमुकले कंट्रोलर, जॉयकॉन, आडवे धरून दोघांत एक जोडी वाटता येते हे खरं, पण माझ्यासारखा जाड बोटांचा माणूस अर्ध्या तासात मनगट चोळत बसतो. मी एक मोठा कंट्रोलर नवा घेतला आणि एक गल्लीतल्या दुकानातून सेकंडहँड. त्या सेकंडहँडची काठी महिन्याभरात आपोआप डावीकडे झुकायला लागली, दुकानदार म्हणतो तुम्ही जोरात खेळता. आता तो ज्याच्या वाट्याला येतो त्याचं पात्र शांतपणे चालत जाऊन खड्ड्यात पडतं.

एकट्याने खेळायचं म्हणाल तर वर्ल्ड ऑफ लाइट नावाचा भलामोठा नकाशा आहे. सुरुवात जबरदस्त, सगळे हिरो एका फटक्यात गायब होतात आणि एकटा कर्बी निसटतो. पुढे मात्र शेकडो छोट्या मारामाऱ्या, कुठे जमीन विषारी, कुठे समोरचा राक्षसाएवढा, कुठे सगळे उलट. वीस तासांनंतर भाजी निवडल्यासारखं वाटायला लागलं, हात चालू आणि डोकं दुसरीकडे. ड्रॅक्युलाच्या वाड्यात पोचलो तेव्हा जरा परत जीव आला. अर्धवट सोडलंय, बघू पुढे कधीतरी. क्लासिक मोड त्यापेक्षा बरा, प्रत्येक फायटरचा वेगळा रस्ता, वीस मिनिटांत संपतो, जेवण गरम होईस्तोवर एक डाव.

ऑनलाइनबद्दल मोठं बोलणार नाही कारण मी सोडूनच दिलं. वेगळी वर्गणी लागते, आणि सामना दोघांच्या कन्सोलमध्ये थेट चालतो, म्हणजे तुमचं नेट कितीही भारी असलं तरी समोरचा जर जिन्याखाली वायफाय लावून बसला असेल तर दोघांचा सामना मधाच्या बरणीत बुडल्यासारखा चालतो. मी वायर ओढली राउटरपासून, थोडा फरक पडला. शिवाय आपण नियम ठेवावेत तीन जीव, वस्तू बंद, आणि वाट्याला यावा आकाशातून बॉम्ब पडणारा टायमरवाला गोंधळ, कारण आपली पसंती ही फक्त पसंती असते. रात्री साडेअकराला अनोळखी माणसाकडून चार वेळा हरून झोपायला जाण्यात मला काही मजा वाटली नाही.

हा गेम खोलीत माणसं असताना खेळायचा आहे. एका कन्सोलवर आठ जण खेळू शकतात, आम्ही होळीला सहा जण होतो, तर बत्तीस इंची टीव्हीवर कॅमेरा इतका मागे जातो की पात्रं मोहरीएवढी दिसतात आणि सगळे उठून टीव्हीला नाक लावून उभे. चार बरोबर. चौघांत आरडाओरडा पण होतो आणि दिसतं पण.

खोली किती आहे याचा अंदाज मला चार महिन्यांनी आला. आधी नुसती बटणं बडवत होतो. मग भाच्याने फोनवर शिकवलं की ढाल नेमकी फटका लागायच्या क्षणी सोडायची, धरायची नाही, सोडायची, आणि मग समोरचा क्षणभर उघडा पडतो. ट्रेनिंगमध्ये जमिनीवर चौकटी आखलेला एक स्टेज आहे, फटका मारल्यावर समोरचा कुठपर्यंत उडेल त्याची रेघ पण दिसते. मी तिथे रोज रात्री पंधरा मिनिटं एका उभ्या पुतळ्यावर सराव केला, पूर्ण चैत्र महिना. बायको येता-जाता बघायची. तिने सराव एकदाही केला नाही.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आम्ही जिंकलेल्यांच्या रेघा मारतो. दुधाच्या हिशोबाशेजारी. मागच्या पानावर कुंडी १९, कुत्रा १४, कर्बी ११, मी ४, त्यातला एक दादाच्या हातात तो डावीकडे झुकणारा कंट्रोलर होता तेव्हाचा.

राखीला सगळे येतायत. बहीण आत्तापर्यंत फक्त बाहेरून बघत होती, काल तिचा मेसेज आला की यावेळी मी पण खेळणार, माझा एक कंट्रोलर बाजूला काढून ठेव. मी अंगठा पाठवला. पाच मिनिटांनी दुसरा मेसेज, ‘आणि तो जोडलेला आहे ना ते मी आल्यावर आधी बघणार आहे.’