फाइलसिस्टीम ओळखायची कशावरून: डिव्हाइस नंबर, एफएसआयडी की यूयूआयडी?

लिनक्स कर्नलसाठी मॉड्यूल लिहिताना फाइलसिस्टीमची ओळख जपून ठेवायची असेल, तर तीन पर्याय आहेत. ती ओळख किती काळ टिकायला हवी, हे आधी ठरवा.

मशीन चालू आहे तेवढ्यापुरतीच हवी असेल तर सुपरब्लॉकमधला (माउंट केलेल्या फाइलसिस्टीमची माहिती ठेवणारी कर्नलमधली रचना) एस_डेव्ह, म्हणजे डिव्हाइस नंबर, पुरतो. तो डिस्कवर मात्र लिहून ठेवू नका. रीबूटनंतर डिस्क वेगळ्या क्रमाने सापडल्या की नंबर बदलतो, आणि टीएमपीएफएसला (मेमरीत राहणारी फाइलसिस्टीम) मिळालेला नंबर अनमाउंटनंतर दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो.

एफ_एफएसआयडी, म्हणजे एफएसआयडी, हा स्टॅटएफएस या सिस्टीम कॉलमधून मिळणारा ६४ बिटांचा आकडा. फाइलींमधल्या घडामोडी कळवणारी फॅनोटिफाय ही कर्नलची सोय एफआयडी मोडमध्ये फाइलसिस्टीम त्यावरूनच ओळखते. पण ईएक्सटी४ ही फाइलसिस्टीम तो यूयूआयडीचे (फाइलसिस्टीमला दिलेली १६ बाइटांची ओळख) दोन अर्धे एक्सॉर करून (बिटागणिक एकत्र करून) काढते, तर एक्सएफएस ही फाइलसिस्टीम त्यात डिव्हाइस नंबर भरते. ईएक्सटी४वर नीट चाललेला कोड एक्सएफएसवर रीबूटनंतर दगा देतो तो यामुळेच. फॅनोटिफायशी संबंध नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये.

कायमच्या ओळखीला एस_यूयूआयडीच हवा. पण हे १६ बाइट डोळे झाकून वापरण्यासारखे नाहीत. सगळ्याच फाइलसिस्टीम ते भरत नाहीत. कर्नल ६.९ पासून एस_यूयूआयडी_लेन हे फील्ड आहे; ते शून्य असेल तर यूयूआयडी नाही असं समजा. टीएमपीएफएस तर दर माउंटला नवा यूयूआयडी बनवते, त्यामुळे तिथे तो जपून उपयोग नाही.

खरी पंचाईत नकलांची. एलव्हीएम या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या साधनाने स्नॅपशॉट (व्हॉल्यूमची त्या क्षणाची नक्कल) घेतला की यूयूआयडीही तसाच उतरतो. मूळ व्हॉल्यूम माउंट असताना एक्सएफएस तो स्नॅपशॉट नाकारते आणि डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘डुप्लिकेट यूयूआयडी’ची तक्रार दिसते. मग लोक नोयूयूआयडी हा पर्याय देऊन माउंट करतात, आणि एकच यूयूआयडी असलेले दोन सुपरब्लॉक तुमच्या कोडसमोर येतात. ईएक्सटी४ तर अशी तपासणीही करत नाही. म्हणून यूयूआयडीची किल्ली करून टेबल बनवलंत, तर त्याच किल्लीवर दुसरा सुपरब्लॉक आला तर काय करायचं, हे कोडमध्ये लिहिलेलंच हवं. ओव्हरलेएफएसची (अनेक थर एकावर एक ठेवून एकच दाखवणारी फाइलसिस्टीम) पद्धत मला सर्वांत पटते: खालच्या थरांचे यूयूआयडी जुळले किंवा रिकामे निघाले, तर ती त्यांच्यावर विसंबणारी इंडेक्स आणि एनएफएस एक्सपोर्ट (नेटवर्कवरून फाइली देणं) ही वैशिष्ट्यं बंद करते, लॉगमध्ये तसं सांगते आणि माउंट पुढे चालू ठेवते.

यूयूआयडी यूजरस्पेसला द्यायचा असेल तर स्वतःचा आयोक्टल (प्रोग्रामने कर्नलकडे विशिष्ट काम मागायचा कॉल) काढू नका, ६.९ मध्येच त्यासाठी एफएस_आयओसी_गेटएफएसयूयूआयडी हा सर्वांसाठीचा आयोक्टल आला आहे.