छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातलं डिजिटल प्रिंटिंग: अक्षरांना पैकीच्या पैकी, फोटोजवळ मात्र उभं राहा

छापायचं काम होतं अमेरिकन कलाकार जोसेफ कोसुथच्या 1965 च्या ‘वन अँड थ्री चेअर्स’ या कलाकृतीच्या धर्तीवरचं. मूळ कलाकृतीत खरी खुर्ची, त्याच जागी काढलेला तिचा खऱ्या मापाचा फोटो आणि शब्दकोशातल्या अर्थाची मोठी प्रत. जागा बदलली की खुर्ची नि फोटोही बदलतात. शब्द आणि मांडणीची सूचना तेवढी तीच राहते. आम्ही खुर्चीऐवजी धान्य पाखडायचं सूप घेतलं. पहिल्या नमुन्यात डिझाइनवाल्याने वाटीभर टोमॅटो सूप टाकलं. मुद्दा त्याला सगळ्यांच्या आधी कळला म्हणायचा!

अक्षरांचं काम उत्तम. युनिकोड मजकूर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत टाकला की ‘शूर्प’ या सुपाच्या संस्कृत नावाचा रफार सुटून भलतीकडे जातो. इथे तो न सांगता दुरुस्त झाला. तरी प्रूफ वाचल्यावरच टेक्स्ट कर्व्ह करायला, म्हणजे अक्षरांची आकृती करायला सांगा. नंतर एक वेलांटीही बदलता येत नाही. ‘सूप वाजणे’ गाळू नका, कोशात असतं ते सगळं फलकावर हवं.

फोटोत मात्र या प्रिंटिंगवाल्यांना ‘सुधारणा’ आवरत नाही. कामट्यांत अडकलेला ज्वारीचा कोंडा डाग समजून पुसला, मागची भिंत उडवून पांढरी केली. भिंत गेली की सावली गेली, आणि उरतो तो कॅटलॉगमधला माल. सूप जिथे टांगणार तिथेच फोटो काढा: कॅमेरा सुपाच्या मध्याच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर लांब, झूम करून. जवळून काढला तर पुढची कड फुगते. एक फोटो शेजारी मोजायची टेप धरून, दुसरा ट्रायपॉड न हलवता टेपशिवाय. 45 सेंटिमीटरच्या सुपाला 200 डीपीआयने (इंचाला 200 ठिपके) साधारण 3,550 पिक्सेल लागतात. फाइल देताना ‘फिट टू पेज नको, 100 टक्के’ असं लिहूनच द्या, नाहीतर सूप कागदाएवढं होतं.

बांबूचा पिवळा छपाईत नारिंगीकडे झुकतो. आधी ए-फोर नमुना काढून उजेडात खऱ्या सुपाशेजारी धरा. लॅमिनेशन मॅटच घ्या. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते.

फोटो चिकटवायचा सनबोर्ड (हलका फोमचा फलक) 5 मिलिमीटरचा, कापणी सरळ. पण मागे टांगायला नुसता दोन्ही बाजूंनी चिकटणारा डबल टेप लावून देतात. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या हॉलमध्ये तो सुटतो आणि फोटो खाली येतो. हुक लावूनच घ्या.