विळी, नारळ आणि अ‍ॅराल्डाइट स्टँडर्ड

आमच्या विळीचं पातं सासूबाईंच्या लग्नातलं. गेल्या वर्षी ते पाटाच्या खाचेत डुगडुगायला लागलं. आमच्याकडे पंचांग हे बघतात, पक्कड-पाना मी.

आधी पाच मिनिटांत सुकणारं एक एपॉक्सी (दोन ट्यूब मिसळून लावायचा गोंद) भरलं. नाव सांगत नाही. दगडासारखं घट्ट झालं, सुरणसुद्धा कापला. मग नारळ खवायला बसले आणि दुसऱ्या वाटीला कट्‌कन आवाज आला. सांध्याच्या काचेसारख्या कपच्या निघाल्या! खवताना पात्याला आडवे हिसके बसतात, तिथे नुसता कडकपणा कामाचा नाही, चिवटपणा हवा. कारखान्यातल्या चिवट एपॉक्सीत त्यासाठी रबराचे बारीक कण घालतात, म्हणजे तडा पुढे सरकताना त्यांच्यात अडकतो. घरगुती ट्यूबमध्ये ते कुठलं मिळायला! पण सावकाश सुकणारं एपॉक्सी सहसा कमी ठिसूळ असतं, म्हणून अ‍ॅराल्डाइट स्टँडर्ड आणलं. (2020 पासून भारतात हा ब्रँड फेविकॉलवाल्या पिडिलाइटकडे आहे.)

खरी मेहनत चिकटवण्याआधीची. खाचेतला जुना गोंद स्क्रू ड्रायव्हरने खरवडला. पात्याच्या शेपटीवर वर्षानुवर्षांचं खोबरेल मुरलेलं, त्यावर काय चिकटणार? आधी अ‍ॅसिटोनने पुसलं, मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चांगले ओरखडे पाडले, पुन्हा पुसलं. दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीच्या रेघा काढून रंग एकसारखा होईपर्यंत घोटलं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर, म्हणजे घट्ट करणारी दुसरी ट्यूब, जास्त पिळणाऱ्यांत मीही होते. तसं करू नका, जादाचा हार्डनर तसाच राहतो आणि सांधा मऊ पडतो. खाच सैल होती म्हणून थोडा लाकडाचा भुसा मिसळला. पातं बसवून सुतळीने बेताचं आवळलं. फार आवळलं तर गोंद सगळा बाहेर येतो आणि आत काहीच उरत नाही. रात्रभर तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात. ऊब मिळाली की एपॉक्सी जास्त पक्कं होतं.

आता आठ महिने झाले. मोदकांचे सात नारळ एका बैठकीत खवले, पातं हललं नाही. गोंद खाचेतच आहे, धारेजवळ येऊ दिलेला नाही. विळी पाण्यात बुडवून मात्र ठेवत नाही.

पाचात चार. एक गुण टोपणांचा कापला. मी घाईत एकाचं टोपण दुसऱ्याला लावलं, ते तिथेच चिकटून बसलं, आणि आता हार्डनरची ट्यूब मागून कापून वापरतेय.