अपवर्क: करार झाल्यावर पैसे सुरक्षित, त्याआधी सगळं आपल्यावर

मी गोव्यात डिचोलीला राहून इंग्रजी, मराठी आणि कोकणी अनुवादाचं काम करते. अॅपमधला मजकूर, कंपन्यांच्या प्रशिक्षणाचे व्हिडिओ, कधी एखाद्या संस्थेचा अहवाल. यातलं बरंचसं काम अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवरून येतं, त्यामुळे साखळी, फोंडा, पेडणे भागातल्या नुकत्याच बीए-एमए झालेल्या मुली विचारतात, "ताई, तिथं खातं उघडू का? फसवणार नाहीत ना?" हा अभिप्राय त्यांच्यासाठी आहे. उघडा, असंच मी सांगेन. पण या साइटचं संरक्षण नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते आधी समजून घ्या, कारण नव्या मुलींची फसगत जवळजवळ नेहमी ते सुरू होण्याआधीच होते.

ईलान्स आणि ओडेस्क या दोन जुन्या साइट एकत्र आल्या आणि 2015 मध्ये त्यांना अपवर्क हे नाव मिळालं. काम दोन प्रकारचं असतं, ठरावीक रकमेचं आणि तासाच्या दराचं. अनुवादाला पहिला प्रकार सोयीचा, आणि या साइटची खरी ताकदही तिथेच आहे. क्लायंटला कामाच्या टप्प्याचे, म्हणजे माइलस्टोनचे, पैसे आधी भरावे लागतात. ते त्याच्याकडे राहत नाहीत आणि आपल्याकडेही येत नाहीत, मध्ये एस्क्रोत, म्हणजे साइटकडच्या राखीव खात्यात, थांबतात. आपण काम सादर केलं की क्लायंटला तपासायला 14 दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत त्याने ना मंजुरी दिली ना दुरुस्ती मागितली, तर पैसे आपोआप सुटतात, आणि त्यानंतर 5 दिवसांनी काढता येतात. "बघू, पुढच्या आठवड्यात देतो" हे ऐकत वाढलेल्या आपल्या लोकांना याची किंमत वेगळी सांगायला नको. क्लायंट गप्प बसला तरी पैसे आपले होतात, अशी व्यवस्था मला इथल्या कुठल्याही ओळखीच्या कामात मिळालेली नाही.

पण यात तीन बारीक गोष्टी आहेत. पहिली, जेवढी रक्कम भरलेली दिसते तेवढीच सुरक्षित. 200 डॉलरचं काम ठरवायचं, पहिला टप्पा 10 डॉलरचा ठेवायचा आणि "सगळी फाइल एकदम पाठव, बाकीचे लगेच टाकतो" म्हणायचं, ही चाल सर्रास खेळली जाते. तिथे अपवर्कही काही करू शकत नाही, कारण 190 डॉलर कधी जमाच झालेले नसतात. फाइलचे तुकडे करा. पहिल्या तुकड्याचे पैसे सुटले आणि दुसऱ्याचे भरले गेले, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच पुढचं पान उघडा. पुढचा टप्पा नुसता लिहून ठेवलेला असतो आणि पैसे भरलेले नसतात, असंही होतं, तेव्हा रकमेशेजारी काय लिहिलंय ते वाचा. दुसरी, तयार फाइल चॅटमध्ये टाकून मोकळं होऊ नका. पैशासाठी काम सादर करण्याचं वेगळं बटण आहे, ते दाबल्यावरच 14 दिवसांची मोजणी सुरू होते. तिसरी तासाच्या कामाची: त्यांचं टायमर अॅप चालू ठेवून नोंदवलेल्या तासांनाच संरक्षण मिळतं, हाताने लिहिलेल्या तासांना नाही.

हे सगळं करार झाल्यानंतरचं. करारापूर्वी काय होतं?

तिथे "सॅम्पल", म्हणजे चाचणीसाठी मागितलेला कामाचा नमुना, येतं. अपवर्कच्या नियमांनुसार क्लायंटने फुकट काम मागणं मना आहे, आणि अशा पोस्टवर तक्रारीची खूण करता येते. तरी मागणारे मागतातच, आणि साइटबाहेर तर मोकळं रानच असतं. साखळीच्या एका मुलीला थेट ईमेलवरून एका एजन्सीची "चाचणी" आली, 1,800 शब्दांची. एक माणूस नीट अनुवाद करतो तो दिवसाला साधारण 2,000 शब्दांचा, म्हणजे ही अख्ख्या दिवसाची मजुरी झाली. तिच्या पेडण्याच्या मैत्रिणीलाही त्याच एजन्सीची चाचणी आली होती. दोघींनी फाइली माझ्याकडे आणल्या. एका फाइलीतलं शेवटचं वाक्य अर्ध्यात तुटलं होतं, आणि दुसरी फाइल त्याच वाक्याच्या उरलेल्या अर्ध्यापासून सुरू होत होती. हॉटेल बुकिंगचं एक आख्खं अॅप पोरींमध्ये वाटून फुकटात मराठीत करून घेण्याचा तो बेत होता. मला त्या दिवशी फार राग आला, आणि आजही येतो, कारण ज्या मुलीच्या हाती अजून एकही काम नाही तिलाच हेरून हे केलं जातं. तिला वाटतं, आपण नाही म्हटलं तर दार बंद होईल.

दार बंद होत नाही. तपासायला 250-300 शब्द पुरतात, आणि जाणकार एजन्सी साधारण तेवढेच मागते. त्याहून जास्त हवं असेल तर ते काम झालं, त्याचे पैसे लागतात. मी मुलींना एक निरोप लिहून दिलाय, तो जसाच्या तसा वापरा: "माझे याआधीचे नमुने सोबत जोडले आहेत. तुमच्याच मजकुरावर चाचणी हवी असेल तर पहिली 250 शब्दांपर्यंतची मी करून देते, त्यापुढचा मजकूर छोट्या सशुल्क करारावर घेते." खरा क्लायंट यावर रागावत नाही. अपवर्कवर 10-15 डॉलरचा चाचणीचा करार करणं अगदी रुळलेलं आहे, आणि त्या करारावर मिळालेला पहिला अभिप्राय नव्या खात्याला पुढे फार उपयोगी पडतो. चाचणीचा मजकूर वाचतानाही लक्ष ठेवा. तो मध्येच सुरू होऊन मध्येच संपतो का, त्यात बटणांची आणि मेनूची नावं आहेत का, "आज रात्रीपर्यंत हवं" असं म्हणतात का? चाचणीला कसली आलीय डेडलाइन!

नमुने कुठून आणायचे, हा पुढचा प्रश्न. क्लायंट मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. एखादी सरकारी प्रेस नोट, एखाद्या वस्तूचं माहितीपत्रक, आपल्या गावच्या जत्रेवर तुम्हीच लिहिलेलं इंग्रजी पान, असे तीन वेगळे मजकूर निवडा, अनुवाद करा आणि मूळ मजकुराशेजारी मांडून प्रोफाइलवर ठेवा. डिझाइन करणाऱ्यांनी नमुना लहान आकारात आणि वॉटरमार्क टाकूनच पाठवावा, बदल करता येणारी मूळ फाइल पैसे आल्यावर.

आता उघड फसवणूक. अपवर्कवर करार होण्यापूर्वी साइटबाहेर संपर्क साधायला बंदी आहे, आणि हा नियम नव्या माणसाला जाचक वाटला तरी त्याच्या भल्याचा आहे. "टेलिग्रामवर या, मॅनेजर तिथे बोलतील" असं पहिल्याच निरोपात कुणी लिहिलं की मी पुढे वाचतही नाही. तिकडे गेल्यावर काय घडतं ते ठरलेलं असतं. पीडीएफवरून वर्डमध्ये टाइप करायचं सोपं काम, भरमसाट दर, आणि मग नोंदणी शुल्क किंवा अनामत रक्कम. किंवा व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना तारे द्या, सुरुवातीला शंभर-दोनशे रुपये खरंच देतात आणि नंतर "प्रीपेड टास्क"साठी आपल्याकडून हजारो उकळतात. काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे मागत नाही, एवढं धरून ठेवलं तरी यातली निम्मी जाळी तुटतात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

डेटा एंट्रीचा एक प्रकार मात्र जास्त क्रूर आहे. काम सुरू करताना ऑनलाइन करारावर सही घेतात, 90 टक्क्यांच्या वर अचूकता हवी अशी अट असते. काम पूर्ण झालं की चुका काढतात आणि मग "वकिलाचा" फोन येतो, करार मोडलात, इतके हजार भरा नाहीतर कोर्टात खेचू. मुली रडकुंडीला येतात, आईवडिलांनाही सांगत नाहीत. घाबरून एक पैसा देऊ नका. कोर्टाची खरी नोटीस व्हॉट्सअॅपवरच्या तासाभराच्या मुदतीने येत नसते. आणि कुणी "तुझं अपवर्क खातं महिन्याच्या भाड्याने दे" म्हणालं तर तेही नाही. आपलं नाव, आपली ओळखपत्रं आणि त्यांचे व्यवहार, जबाबदारी मात्र आपली.

क्लायंट पारखताना बऱ्याच जणी "पेमेंट व्हेरिफाइड" ही खूण पाहून निर्धास्त होतात. तिचा अर्थ एवढाच की त्याने पैसे भरण्याचं साधन जोडलंय. मी त्याखाली बघते: आजवर किती खर्च केलाय, टाकलेल्या कामांपैकी कितींना खरोखर माणूस नेमलाय, आणि आधीच्या फ्रीलान्सरांनी त्याच्याबद्दल काय लिहिलंय. शून्य खर्च आणि रोज नवी पोस्ट असेल तर मी अर्ज करत नाही.

खर्चाचं म्हणाल तर तो मला नव्या लोकांसाठी जड वाटतो. अर्ज करायला कनेक्ट, म्हणजे साइटची विकतची टोकनं, लागतात, एक कनेक्ट 0.15 डॉलरचा, आणि एका अर्जाला बरेच जातात. काम न मिळताच खिसा हलका होतो, आणि मराठीची कामं मुळातच लहान. शिवाय कमिशन: 2023 पासून सरसकट 10 टक्के होतं, 2025 पासून नव्या करारांना 0 ते 15 टक्क्यांमध्ये कितीही लागू शकतं, ते अर्ज करताना दिसतं. दर सांगताना ते आधीच धरा. या बाबतीत मी अपवर्कला पूर्ण गुण देणार नाही. नियम मोडून फुकट काम मागणाऱ्याची पोस्ट तक्रार होईपर्यंत तशीच राहते आणि अर्जाचे पैसे मात्र गरजू मुलगी भरते, हे मला पटत नाही.

साइटबाहेर गोव्यातलं काम आलं, कांदोळीचा व्हिला, आसगावचं रेस्टॉरंट, तर तिथे एस्क्रो नसतो. मग एस्क्रोचं तत्त्व आपणच वापरायचं, निम्मे आगाऊ, उरलेले फाइल देण्यापूर्वी, आणि सगळं ईमेलवर लिहून. काम घेण्याआधीच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे, पैसे मागणारी साइट खोटी. त्यामुळे लहान उद्योगांसाठीचा एमएसएमई विकास कायदा 2006 आपल्या मागे उभा राहतो: करारात काहीही लिहिलं तरी मुदत 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही, काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती थकबाकीचे असे वाद सोडवणाऱ्या राज्याच्या परिषदेकडे जाते. आपल्याकडे हे उद्योग खात्याच्या अखत्यारीत, पणजीच्या उद्योग भवनात. थकबाकीदाराला पाठवायच्या पत्रात नुसता या कलमांचा उल्लेख केला तरी बोलण्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

पैसे गेलेच असतील तर लाज बाळगत दिवस घालवू नका. 1930 ला लगेच फोन लावा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी ते गोठवता यावेत, यासाठीच ही हेल्पलाइन आहे, म्हणून इथे तासांनी फरक पडतो. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि गोव्याचं सायबर गुन्हे पोलीस ठाणे रायबंदरला आहे, तिथे जा. सोबत व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि तुमचं बँक स्टेटमेंट न्या. टेलिग्रामवरचा ग्रुप सोडण्याआधी हे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण ते लोक अख्खी चॅट दोन्हीकडून पुसू शकतात.