सोलापूरहून कन्फोकलसाठी पुण्याला: चार फेऱ्यांनंतर

आमच्या विभागात ना क्रायोस्टॅट (गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप काढणारं यंत्र) आहे, ना कन्फोकल (लेझरवर चालणारा सूक्ष्मदर्शक). उंदराचा मेंदू ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये पक्का करायचा, सुक्रोजच्या, म्हणजे साखरेच्या, ३० टक्के द्रावणात ठेवायचा, दोन-तीन दिवसांनी तो तळाशी बसला की पुढचं काम अडलं. म्हणून वर्षभरात पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या सामायिक सुविधेत चार फेऱ्या केल्या. बाहेरगावहून जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

लोक कन्फोकलचं नाव ऐकून जातात. माझ्या कामाचा निकाल मात्र शेजारच्या क्रायोस्टॅटच्या खोलीत लागला. पहिल्या फेरीत मी मेंदू इथल्याच फ्रीझरमध्ये गोठवून आइसबॉक्समधून नेले होते. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी पहिला सेक्शन, म्हणजे मेंदूचा पातळ काप, ब्रशने उचलून प्लेटमध्ये सोडला, प्लेट उजेडावर धरली आणि विचारलं, "मॅडम, हे सावकाश गोठवलंत का? की वाटेत वितळलं?" हिप्पोकॅम्पसभर, म्हणजे मेंदूच्या ज्या भागावर माझं काम आहे त्यात, बारीक भोकं होती. मेंदू हळू गोठला की पाण्याचे स्फटिक मोठे होतात आणि ऊती फाटते. कोरड्या बर्फात गार केलेल्या आयसोपेंटेन या द्रवात तो झटकन गोठवायला हवा, हे मी वाचलेलं होतं. पण कोरडा बर्फ हाताशी नव्हता आणि मी वेळ मारून नेली. सहा मेंदू वाया गेले. ते प्राणी परत येत नाहीत, ही गोष्ट अजून मनाला लागून आहे.

ताईंनीच मार्ग सांगितला: मेंदू सुक्रोजमध्येच आणा, गोठवणं इथे करू. दुसऱ्या फेरीपासून थर्मासमध्ये बर्फ, बर्फात कुप्या, थर्मास मांडीवर आणि सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस. उणे २० अंशांच्या पेटीत ४० मायक्रॉनचे सेक्शन त्या इतके सलग काढतात की चोवीस खणांच्या प्लेटमध्ये हिप्पोकॅम्पस पुढून मागे क्रमाने मांडलेला दिसतो. सेक्शन गुंडाळायला लागला की ब्लेडवरची काचेची पट्टी केसभर सरकवायची, ब्लेडची नवी जागा घ्यायची. हे त्यांनी मला माझ्या हातून करायला लावलं. चौथ्या फेरीला अर्धे सेक्शन मी काढले.

कन्फोकल उत्तम राखलेलं आहे. जीएफएपी आणि आयबा-१ या प्रथिनांना चिकटणाऱ्या अँटिबॉडींनी अनुक्रमे अॅस्ट्रोसाइट आणि मायक्रोग्लिया (मेंदूतल्या दोन प्रकारच्या साहाय्यक पेशी), आणि डॅपी या रंगाने पेशींची केंद्रकं असे तीन रंग मी घेतले. आधी २०एक्सच्या (२० पट मोठं दाखवणाऱ्या) भिंगावर चित्रं जोडून आख्खा हिप्पोकॅम्पस, मग तेल लावून वापरायच्या ६३एक्स भिंगावर झेड-स्टॅक, म्हणजे खोलीनुसार एकाखाली एक घेतलेली चित्रं. दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून चमकणारी) एकटीच लावलेली स्लाइड दाखवल्याशिवाय तिथले ऑपरेटर लेझरची ताकद ठरवू देत नाहीत. पहिल्यांदा हे मला जाचक वाटलं. नंतर कळलं, की हिरव्यात दिसणारी माझी अर्धी चमक ऊतीची स्वतःचीच होती.

तक्रार आरक्षणाची आहे. बाहेरच्यांना बहुतेक दुपारी तीननंतरचीच वेळ मिळते, आणि लेझर स्थिरावण्याची वेळही आपल्याच खात्यात धरतात. संध्याकाळची हुतात्मा सहाला सुटते. म्हणजे पुण्यात मुक्काम आलाच. ज्या विद्यार्थिनीचं पुण्यात कुणी नाही तिने काय करायचं? आठवड्यातून एक सकाळ बाहेरगावच्यांसाठी राखली तर संस्थेचं फारसं बिघडणार नाही. फाइली नेण्याचाही त्रास आहे. पेनड्राइव्ह चालत नाही, ते योग्यच. पण संस्थेचा सर्व्हर बाहेरून उघडत नाही. हार्डडिस्क तपासणीला देऊन ठेवावी लागते, ती दुसऱ्या दिवशी मिळते.

जाणार असाल तर आय-स्टेम पोर्टलवर आधी बघा. देशभरातल्या अशा सुविधा तिथे शोधता येतात. अँटिबॉडी आपल्याच न्या, कव्हरस्लिप (स्लाइडवर झाकायची पातळ काच) १.५ नंबरच्या जाडीचीच घ्या, नाहीतर ६३एक्सवर चित्र धूसर येतं. आणि कन्फोकलची वेळ घेण्याआधी क्रायोस्टॅटच्या खोलीत फोन करून ताई त्या दिवशी आहेत का ते विचारा. मी पुढच्या महिन्याची तारीख तशीच ठरवली आहे.