फुटक्या यानात एकटा: पाणी फोडावं की मेणबत्ती पेटवावी?

शनिवार पेठेत चहावर वाद रंगला: अंतराळयान निकामी, माणूस एकटा, ऑक्सिजन काढायचा कशातून?

पाण्याचं विद्युत विघटन, म्हणजे विजेनं पाणी फोडून ऑक्सिजन काढणं, हिशेबी. माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो आणि लिटरभर पाण्यातून तेवढा निघतो. पण प्यायचं पाणीही तेच, शिवाय वीज सतत हवी. सौरपट्ट्या गेल्या की खेळ खल्लास.

ऑक्सिजनची मेणबत्ती (मेण नाही, आत लिथियम परक्लोरेट, तापलं की ऑक्सिजन सोडणारं रसायन) विजेवर अडत नाही. एक पेटवली की एका माणसाचा दिवस निघतो. मात्र १९९७ मध्ये ‘मीर’ या रशियन अंतराळ स्थानकावर अशीच एक भडकली, तेव्हा आत सहा जण होते. एकटा काय करणार?

तरी वीज येईपर्यंत मी मेणबत्तीच घेईन. काकांचं म्हणणं, आधी श्वासातून साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं बघा. तेही खरंच.