साचा कधी बनलाच नाही

कल्पना कागदावर असल्यापासून ती कारखान्यात तयार झालेला भाग म्हणून हातात पडेपर्यंतची सगळी जबाबदारी आम्ही घेतो, असे सांगणाऱ्या एका कंपनीने माझी फसवणूक केली. तक्रारीची चौकशी सुरू असल्यामुळे तिचे नाव येथे देत नाही. मात्र अशा कंपन्यांची कामाची पद्धत इतकी ठरलेली असते की, नाव बदलले तरी ती ओळखता येते, आणि इतरांना ती वेळीच ओळखता यावी एवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

माझी कल्पना साधी होती. पाण्याच्या नळीला वळणावर घडी पडून प्रवाह अडू नये म्हणून तिच्यावर बसवायची प्लॅस्टिकची चिमटी, जिचे झाकण आणि तळ एकाच तुकड्यात असतील. दोन्हींना जोडणारी बिजागरी म्हणजे त्याच प्लॅस्टिकचा सुमारे पाव ते अर्धा मिलिमीटर जाडीचा पट्टा. पॉलीप्रॉपिलीन वितळवून साच्यात दाबाने भरले, की ते या अरुंद जागेतून वाहताना त्याचे लांबट रेणू एका दिशेने लागतात आणि त्यामुळे हा पट्टा हजारो वेळा वाकूनही टिकतो. पुढे सगळा बनाव याच पट्ट्यापाशी उघडा पडला, म्हणून हा तपशील आधी सांगितला.

सुरुवात मूल्यमापनाच्या अहवालाने झाली. अहवाल जाडजूड होता, त्यात बागकामाच्या बाजारपेठेचे आलेख होते आणि निष्कर्ष अर्थातच अत्यंत अनुकूल होता. परंतु नळीचा व्यास किती धरायचा, कोणते प्लॅस्टिक वापरायचे, अशा प्रकारची चिमटी आधी कोणी नोंदवली आहे का, यावर त्यात एक ओळही नव्हती. चिमटीचे नाव बदलून दुसऱ्या कोणत्याही वस्तूचे घातले असते, तरी तो अहवाल तसाच्या तसा चालला असता.

त्यानंतर पेटंटचे पैसे घेण्यात आले आणि काही महिन्यांनी एक सुबक प्रमाणपत्र आले. ते पेटंट नव्हते, डिझाइनची नोंदणी होती. डिझाइनच्या नोंदणीने वस्तूच्या बाह्य रूपाला संरक्षण मिळते, तिच्या कार्याला नाही. म्हणजे माझी बिजागरीची रचना जशीच्या तशी उचलून कोणी बाहेरचा आकार बदलला असता, तर त्या कागदाचा मला काहीच उपयोग झाला नसता. पेटंटसाठी केलेला पहिला अर्ज तात्पुरत्या स्वरूपाचा होता. अशा अर्जाची तपासणी होत नाही आणि बारा महिन्यांच्या आत पूर्ण अर्ज केला नाही, तर तो आपोआप संपतो. इतर देशांतला अर्जही पहिल्या अर्जाच्या तारखेचाच धरला जावा असा अग्रक्रम मागायचा असेल, तर पेटंटसारख्या हक्कांविषयीच्या पॅरिस करारानुसार त्यालाही बारा महिन्यांचीच मुदत असते. ही मुदत मला कोणीही कळवली नाही, आणि ती उलटून गेल्यावरही त्यांच्या पत्रांत ‘पेटंट प्रक्रियेत आहे’ हेच वाक्य येत राहिले. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत संतापजनक वाटते ते हे वाक्य.

मग साच्याची आगाऊ रक्कम मागण्यात आली. ती दिल्यानंतर ‘साच्यातून निघालेला पहिला नमुना’ म्हणून एक चकचकीत चिमटी आली. झाकण मिटताच बिजागरी कडेला तडकली आणि पुन्हा उघडताना दोन तुकडे झाले. तडकलेल्या जागी रंगाच्या थराखाली पुट्टीचा थर आणि त्याखाली केसासारख्या बारीक, एकावर एक रचलेल्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. त्या थ्रीडी प्रिंटच्या होत्या.

ती चिमटी मी साचे बनवणाऱ्या एका अनुभवी कारागिराला दाखवली. त्यांनी तुटलेल्या बिजागरीकडे पाहिलेच नाही. चिमटी उलटी करून आतली बाजू प्रकाशात धरली. साच्यातून निघालेल्या भागावर प्लॅस्टिक आत शिरल्याची गेटची खूण असते, भाग बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांचे गोल ठसे असतात आणि साच्याचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे बारीक रेघ असते. माझ्या नमुन्यावर यांतले काहीही नव्हते. त्यानंतर त्यांनी कंपनीने दिलेली आराखड्याची संगणकीय फाइल उघडली. भाग साच्यातून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना अंश-दोन अंशांचा उतार लागतो, तो कुठेच नव्हता. भिंतींची जाडी एका ठिकाणी दुसरीपेक्षा तिप्पट होती. अशा जागी प्लॅस्टिक उशिरा थंड होऊन आकसते आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. शिवाय फाइल एसटीएल प्रकारची, म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी होती. स्टेप प्रकारची, म्हणजे भागाचे नेमके पृष्ठभाग आणि कडा नोंदवणारी मूळ फाइल मला कधी मिळालीच नव्हती. या आराखड्यावरून साचा बनणे शक्य नाही, असे त्यांनी लेखी दिले.

साचा पाहण्याची मागणी केल्यावर कंपनीने करारातल्या एका कलमाकडे बोट दाखवले: साच्याचा खर्च ग्राहकाचा, ताबा मात्र कंपनीच्या सहयोगी कारखान्याकडे, आणि कारखान्याचे नाव गोपनीय. अशा कलमाच्या आड न बनलेला साचासुद्धा वर्षानुवर्षे ‘सुरक्षित’ राहू शकतो. साच्याची मालकी आपली, तो मागाल तेव्हा पाहता आणि हलवता येईल, आणि शेवटचा हप्ता ठरलेल्या प्लॅस्टिकचे, साच्यातूनच काढलेले नमुने तपासल्यावर, असे लिहून द्यायला प्रामाणिक साचेवाला कचरत नाही. माझ्या सध्याच्या करारात हे सगळे आहे.

अमेरिकेत १९९९ साली झालेल्या कायद्याने अशा कंपन्यांवर करारापूर्वी लेखी माहिती देण्याचे बंधन घातले आहे: मागील पाच वर्षांत किती कल्पना तपासल्या, त्यांतल्या किती अनुकूल आणि किती प्रतिकूल ठरवल्या, किती ग्राहकांना दिलेल्या पैशांपेक्षा अधिक उत्पन्न मिळाल्याचे ठाऊक आहे. आपण कुठेही असा, हेच प्रश्न लेखी विचारा. मी ते विचारले तेव्हा ‘व्यावसायिक गुपित’ असे उत्तर आले. प्रतिकूल ठरवलेल्या कल्पनांचा आकडा अवश्य मागा, कारण ज्यांच्याकडे आलेली प्रत्येक कल्पना चांगलीच ठरते, ते कल्पना तपासत नसतात.

ज्यांचा असा व्यवहार आधीच सुरू आहे, त्यांनी पैसे परत मागण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यातली सर्व पत्रे, फाइली, पावत्या आणि अर्ज क्रमांक उतरवून घ्यावेत. मी परताव्याचे पत्र पाठवताच माझे खाते बंद करण्यात आले, आणि तक्रारीला जोडता आले ते केवळ माझ्या ईमेलमध्ये पोहोचलेले कागद. अर्ज क्रमांक हाती असेल, तर अर्ज कोणाच्या नावावर आहे आणि तो जिवंत आहे का, याची चौकशी थेट पेटंट कार्यालयाकडे करता येते. त्यासाठी कंपनीच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही.